काय गमवायचे ते आधी ठरवा : सी भाषेतील थ्रेड-सुरक्षित लॉगिंगचा आढावा

ऑक्टोबर २०२० मध्ये ओपनएसएसएचच्या लॉगिंगची रचना नव्याने बांधण्यात आली. हेतू चांगलाच होता, पण त्या आवराआवरीत प्रीप्रोसेसरची एक अट गळून पडली. सिग्नल हँडलरमधून लॉग लिहिला जाऊ नये यासाठी २००६ मधल्या एका त्रुटीनंतर ही अट घातलेली होती. ती गेल्यावर जुनी फट पुन्हा उघडली आणि जवळजवळ चार वर्षे तशीच राहिली. १ जुलै २०२४ रोजी क्वालिस या सुरक्षा कंपनीने ती जाहीर केली. ठरलेल्या मुदतीत, म्हणजे सहसा १२० सेकंदांत, लॉगिन झाले नाही की एसएसएचडी या ओपनएसएसएचच्या सर्व्हरला अलार्मचा सिग्नल मिळे. हँडलर सिसलॉग हे फंक्शन बोलावी आणि ते आतून मॅलॉकपर्यंत पोचे. नेमक्या त्या क्षणी मूळ कोडही मॅलॉकच्या मध्यावर थांबलेला असला तर हीप विस्कटे. ३२-बिट लिनक्सवर सरासरी सुमारे १०,००० प्रयत्नांत ही शर्यत जिंकता येते आणि सहा ते आठ तासांत दूरवरून रूटचा ताबा मिळतो, असे क्वालिसने प्रयोगाने दाखवले. ओपनबीएसडी मात्र सुटली, कारण हँडलरमधून बोलावता येईल असे सिसलॉगचे वेगळे रूप त्या प्रकल्पाने २००१ मध्येच बनवले होते.

या प्रकरणात दुसरा थ्रेड कुठेच नव्हता. एकच थ्रेड स्वतःच्याच कामात मध्येच अडवला गेला आणि त्याच फंक्शनांच्या वाटेला पुन्हा लागला. तरीही हा प्रश्न आपल्या विषयाच्या मध्यावरचा आहे. सर्व्हरमधले इतर कोणतेही फंक्शन ठरावीक ठिकाणाहून बोलावले जाते. लॉगचे फंक्शन मात्र कुठूनही बोलावले जाते: लॉक हातात असताना, मेमरी संपलेली असताना, फोर्क नुकताच झालेला असताना, प्रोग्रॅम कोसळत असताना. म्हणून ‘म्युटेक्स लावला, झाले सुरक्षित’ हे उत्तर अपुरे पडते. गर्दीच्या आणि बिघाडाच्या क्षणी लॉग सगळेच सांभाळू शकत नाही. काही तरी सोडावे लागते: वेळ, काही ओळी, ओळींचा क्रम किंवा कोसळण्यापूर्वीचे शेवटचे शब्द. यातले काय सोडायचे हे रचनाकाराने ठरवले नाही, तर ते नको त्या वेळी आपोआप ठरते.

एक ओळ अखंड कशी राहते

सगळ्यात प्राथमिक अपेक्षा अशी की दोन थ्रेडच्या ओळी एकमेकींत मिसळू नयेत. सी भाषेच्या स्टँडर्ड आय-ओ लायब्ररीत ही सोय अर्धीमुर्धी आहे. पोसिक्सच्या नियमानुसार प्रिंटएफसारखे प्रत्येक फंक्शन स्ट्रीमचे अंतर्गत लॉक घेऊनच काम करते. त्यामुळे एका कॉलमधला मजकूर त्याच प्रक्रियेतल्या दुसऱ्या थ्रेडच्या मजकुरात मिसळत नाही. पण पुष्कळ कोडमध्ये वेळ एका कॉलने, लेव्हल दुसऱ्याने आणि संदेश तिसऱ्याने लिहिलेला असतो. त्या फटींतून दुसरा थ्रेड घुसतो. त्यावर फ्लॉकफाइल आणि फनलॉकफाइल ही जोडी आहे. तिच्यात सगळे कॉल गुंडाळले की ओळ एकसंध राहते.

हे लॉक प्रक्रियेच्या आतले आहे. दोन प्रक्रिया एकाच फाइलमध्ये लिहीत असतील तर त्याचा उपयोग नाही. उलट स्ट्रीमचा बफर भरला की तो जिथे भरला तिथेच ओळ तुटते आणि तुटलेल्या जागी दुसऱ्या प्रक्रियेचा मजकूर येऊन बसतो. फोर्कच्या वेळी बफरमध्ये न लिहिलेला मजकूर उरला असेल तर पालक आणि बालक दोघेही तो लिहितात आणि एकच घटना लॉगमध्ये दोनदा दिसते.

म्हणून अनुभवी मंडळी सहसा दुसरी वाट धरतात. संपूर्ण ओळ व्हीएसएनप्रिंटएफने स्टॅकवरच्या बफरमध्ये तयार करायची आणि राइट या एकाच सिस्टम कॉलने बाहेर टाकायची. फाइल अपेंड पद्धतीने उघडलेली असेल तर प्रत्येक लेखनापूर्वी शेवटाकडे जाणे आणि लिहिणे यांच्यामध्ये दुसरे लेखन शिरत नाही. एनएफएसवर मात्र ही हमी चालत नाही. तिथे दोन यंत्रांनी एकाच फाइलला ओळी जोडल्या तर फाइल बिघडू शकते. पाइपच्या बाबतीत पोसिक्सने मर्यादा आखून दिली आहे. पाइप-बफ या आकारापर्यंतचे लेखन अखंड राहते. पोसिक्सची किमान अट ५१२ बाइटची आहे आणि लिनक्सवर ती मर्यादा ४०९६ बाइट आहे.

या मर्यादेचा उत्तम वापर पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये पाहायला मिळतो. त्याचे बॅकएंड म्हणजे वेगवेगळ्या प्रक्रिया, आणि सगळ्या एकाच पाइपमधून लॉग गोळा करणाऱ्या प्रक्रियेकडे मजकूर पाठवतात. लांब संदेशाचे तुकडे पाइप-बफच्या आत बसतील असे कापले जातात. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर प्रक्रियेचा क्रमांक, लांबी आणि ‘हा शेवटचा तुकडा आहे का’ ही खूण असते. पलीकडे ते जोडून पूर्ण संदेश तयार होतो. प्रक्रियांमध्ये सामायिक लॉक न ठेवता इथे अखंडता मिळते, कारण कर्नलने आधीच दिलेली हमी नेमकी ओळखून रचना तिच्यावर उभी केली आहे.

ओळ अखंड ठेवण्याला आणखी एक बाजू आहे. वापरकर्त्याने पाठवलेल्या मजकुरात नवी ओळ सुरू करणारे चिन्ह असेल आणि ते तसेच लिहिले गेले, तर कोणताही थ्रेड न मिसळता लॉगमध्ये खोटी ओळ उभी राहते. हा मजकूर फॉरमॅट म्हणूनच प्रिंटएफला दिला तर धोका आणखी मोठा. २००० साली डब्ल्यूयू-एफटीपीडीमध्ये याच प्रकारातून सर्व्हरचा ताबा घेता येत होता. लॉग फंक्शनला जीसीसीचा फॉरमॅट ॲट्रिब्यूट लावला की कंपायलर अशा जागा दाखवून देतो. नियंत्रण चिन्हे निरुपद्रवी रूपात बदलून लिहिणे हे मात्र फंक्शनलाच करावे लागते.

लपलेली सामायिक अवस्था

आपले स्वतःचे ग्लोबल व्हेरिएबल दिसते, म्हणून त्याला लॉक लावले जाते. लायब्ररीच्या पोटातले दिसत नाही. वेळेचा शिक्का बनवण्यासाठी वापरले जाणारे लोकलटाइम हे फंक्शन एकाच स्थिर जागेचा पॉइंटर परत देते. आपल्या लॉगला म्युटेक्स असला तरी प्रोग्रॅमच्या दुसऱ्या कोपऱ्यात कोणी तेच फंक्शन बोलावले तर आपला शिक्का चुकतो. तो चुकला हे कळायलाही वेळ लागतो, कारण लॉगमधल्या वेळेवर कोणी सहसा शंका घेत नाही. लोकलटाइम-आर हे रूप बफर आपल्याकडून घेते, त्यामुळे हा प्रश्न मिटतो. पण ग्लिबसीमध्ये तेही टाइमझोनच्या माहितीसाठी अंतर्गत लॉक घेते.

रेडिसच्या कोडमध्ये या लॉकवरचा उपाय सापडतो. रेडिस डिस्कवर नोंद करण्यासाठी फोर्क करते. फोर्कच्या क्षणी दुसऱ्या थ्रेडकडे टाइमझोनचे लॉक असले, तर बालक प्रक्रियेत ते कायमचे बंद राहते, कारण ते सोडणारा थ्रेड बालकात नसतोच. बालकाने लॉगची पहिली ओळ लिहायला घेतली की तो तिथेच गोठतो. म्हणून रेडिसने लॉक न घेणारे, फक्त गणित करणारे लोकलटाइमचे स्वतःचे रूप लिहिले. टाइमझोनची माहिती आधीच वाचून ठेवली की उरते ती बेरीज-वजाबाकी.

स्ट्रएररच्या बाबतीत वेगळीच अडचण आहे. थ्रेडसाठी सुरक्षित अशी त्याची दोन रूपे एकाच नावाने वावरतात. पोसिक्सचे रूप पूर्णांक परत देते, ग्नूचे रूप पॉइंटर. कोणते मिळेल ते संकलनाच्या वेळच्या मॅक्रोंवर ठरते आणि चुकीचे गृहीत धरले तर रिकामा किंवा निरर्थक मजकूर छापला जातो.

एररनो प्रत्येक थ्रेडचा वेगळा असतो, तरी तो इथे निसटतो. एखादा कॉल फसला, आपण लॉग लिहिला आणि मग एररनो तपासला, तर मधल्या काळात लॉगने केलेल्या राइटने तो बदललेला असू शकतो. फंक्शनच्या आरंभी तो जपून ठेवायचा आणि परतताना पूर्ववत करायचा, एवढ्या दोन ओळींचे हे काम आहे. लॉग लिहिल्यामुळे प्रोग्रॅमची वाट बदलता कामा नये.

लेव्हलची तपासणीही याच वर्गात मोडते. साधा पूर्णांक एका थ्रेडने वाचणे आणि दुसऱ्याने बदलणे हे सी११ मानकानुसार अपरिभाषित वर्तन आहे. तो ॲटॉमिक करून शिथिल क्रमाने वाचला तर नेहमीच्या प्रोसेसरांवर खर्च जवळपास साध्या वाचनाइतकाच येतो. ही तपासणी मॅक्रोत ठेवली तर बंद असलेल्या लेव्हलचे आर्ग्युमेंटही मोजले जात नाहीत.

लॉक किती वेळ आणि कोणासमोर

म्युटेक्स वापरणाऱ्या रचनेत पहिली सुधारणा अशी की त्याच्या आत कमीत कमी काम ठेवायचे. बँकेच्या खिडकीवर उभे राहून फॉर्म भरणारा माणूस मागच्या सगळ्या रांगेला खोळंबून ठेवतो. फॉर्म भरूनच रांगेत यावे. मजकूर जुळवणे, वेळ काढणे, थ्रेडचा क्रमांक लावणे हे सगळे लॉकबाहेर स्टॅकवर करायचे आणि लॉकच्या आत फक्त लेखन ठेवायचे. याची एक किंमत आहे. वेळ लॉकच्या आधी घेतली जाते, त्यामुळे फाइलमध्ये क्वचित नंतरची वेळ आधी दिसते. बहुतेक प्रणालींना हे चालते. ज्यांना चालत नाही त्यांनी वेळ लॉकच्या आत घ्यावी आणि थोडी गती सोडावी.

स्टॅकवरच्या बफरचा आकारही जपून ठरवावा लागतो. ग्लिबसीमध्ये थ्रेडचा स्टॅक सहसा काही मेगाबाइटचा असतो, तर मसल या लहान लायब्ररीत तो १२८ किलोबाइट. एक-दोन किलोबाइटचा बफर दोन्हीकडे बसतो. त्यापुढचा मजकूर कापून ‘कापला’ अशी खूण ठेवणे हीप घेण्यापेक्षा बरे. एसक्यूलाइटने हाच निर्णय घेतला आहे. त्याचे लॉग फंक्शन मजकूर ठरावीक आकाराच्या बफरमध्येच तयार करते, कारण मेमरी देणाऱ्या यंत्रणेचे लॉक हातात असतानाही ते बोलावले जाऊ शकते. त्या क्षणी मेमरी मागितली तर डेडलॉक होईल. संदेश स्वीकारणाऱ्या कॉलबॅकने एसक्यूलाइटलाच पुन्हा बोलावू नये, अशीही अट त्यांच्या दस्तऐवजात आहे.

त्या अटीमागचा प्रश्न लहान प्रोग्रॅमलाही पडतो: लॉगच्या आतून लॉग. लेखन फसले आणि ‘लेखन फसले’ हे सांगायला त्याच फंक्शनला बोलावले, तर साधा म्युटेक्स स्वतःवरच अडकतो. पुनरावर्ती म्युटेक्सने अडकणे थांबते, पण अर्धवट अवस्थेत दुसरे लेखन घुसते, म्हणजे दुखणे फक्त दिसेनासे होते. थ्रेडपुरते ‘मी आधीच आत आहे’ असे चिन्ह ठेवून दुसरा संदेश सोडून देणे आणि मोजणीत घेणे हा जास्त प्रामाणिक मार्ग आहे.

थ्रेड रद्द करण्याची सोय वापरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आणखी एक सापळा आहे. राइट हे रद्द होण्याचे ठिकाण मानले जाते. लॉक हातात असताना थ्रेड तिथेच संपला तर लॉक कायम बंद राहते. ग्लिबसीच्या पुस्तिकेत प्रत्येक फंक्शनपुढे तीन वेगळे शेरे असतात ते याचसाठी: थ्रेडसाठी सुरक्षित, सिग्नलसाठी सुरक्षित आणि रद्द होण्यासाठी सुरक्षित. पहिला शेरा पाहून उरलेले दोन गृहीत धरू नयेत.

सिग्नल हँडलर आणि फाइल बदलणे

सिग्नल हँडलरमध्ये म्युटेक्स, प्रिंटएफ, मॅलॉक आणि सिसलॉग हे सगळे वर्ज्य. राइट चालते. थ्रेडपुरता बफर इथे उपयोगाचा नाही, कारण हँडलर त्याच थ्रेडवर चालतो आणि त्याच बफरवर जाऊन बसतो. कोसळण्याच्या वेळचा अहवाल हवा असेल तर त्यासाठी वेगळे, साधे फंक्शन लागते. रेडिसमध्ये ते आहे: आकडे हाताने अक्षरांत बदलायचे, फाइल उघडायची, राइट करायचे, बंद करायचे. नेहमीच्या लॉगची सगळी शोभा तिथे नाही, आणि ती नसावीच.

लॉगची फाइल बदलण्याचा इशाराही सहसा सिग्नलनेच येतो. हँडलरने फक्त ध्वज उभा करावा आणि प्रत्यक्ष बदल सामान्य कोडमध्ये व्हावा. त्यातही एक धोका आहे. जुना डिस्क्रिप्टर बंद केला आणि नवा उघडला, यामधल्या क्षणी दुसऱ्या थ्रेडने सॉकेट उघडले तर त्याला तोच क्रमांक मिळू शकतो. मग लॉगची ओळ ग्राहकाच्या जोडणीत किंवा डेटाच्या फाइलमध्ये जाऊन पडते. नवी फाइल आधी उघडून ड्यूप२ने जुन्या क्रमांकावर बसवली की ही फट राहत नाही, कारण तो बदल एका पावलात होतो.

थांबायचे की सोडायचे

इथवरच्या उपायांनी लॉग बरोबर होतो. तो वेगवान असेलच असे नाही. डिस्क मंदावली, पाइप भरला, पलीकडची प्रक्रिया झोपली की राइट थांबते. म्युटेक्स धरलेला थ्रेड थांबला की लॉग लिहू पाहणारे सगळे थांबतात. माहिती देण्यासाठी ठेवलेली व्यवस्थाच मग सर्व्हर बंद पाडते.

लिनक्स कर्नलच्या प्रिंटकेचा प्रवास हा या प्रश्नाचा सगळ्यात लांब इतिहास म्हणावा लागेल. ११५,२०० बॉडच्या सीरियल कन्सोलवर सेकंदाला सुमारे ११,५२० बाइट जातात, म्हणजे ८० अक्षरांच्या एका ओळीला जवळपास सात मिलिसेकंद. प्रोसेसरच्या हिशेबात हा काळ फार मोठा. शिवाय जुन्या रचनेत ज्याच्याकडे कन्सोलचे लॉक, त्यालाच इतरांचे साचलेले संदेशही छापावे लागत. एखादा प्रोसेसर इतका वेळ अडकून पडे की पहारा ठेवणारी यंत्रणा त्यालाच गोठलेला ठरवी. आणि अडवता न येणाऱ्या इंटरप्टमधून बफरचे लॉक घेणे म्हणजे डेडलॉकला आमंत्रण.

यावर टप्प्याटप्प्याने काम झाले. जॉन ऑग्नेस यांचा लॉकरहित रिंग बफर २०२० च्या अखेरीस ५.१० या आवृत्तीत आला. त्यानंतर छपाईचे काम वेगळ्या थ्रेडांकडे नेण्याची वाट मोकळी झाली. वास्तविक वेळेची हमी देणारा प्रीएम्प्ट-आरटी हा प्रकल्प वर्षानुवर्षे मुख्य कर्नलच्या बाहेर होता. २०२४ मध्ये ६.१२ साठी तो आत आला तेव्हा प्रिंटके हा त्याच्या अखेरच्या अडथळ्यांपैकी एक होता. या रचनेतून घेण्यासारखा धडा असा: संदेश जपून ठेवणे आणि तो बाहेर पाठवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले क्षणात व्हावे, कुठूनही व्हावे. दुसरे थांबून, सावकाश झाले तरी चालते. आणि यंत्र कोसळत असेल तर त्यासाठी तिसरी, थेट वाट ठेवावी.

वापरकर्त्याच्या पातळीवर हीच कल्पना मेमकॅश्डमध्ये दिसते. प्रत्येक कार्यकर्त्या थ्रेडला स्वतःचा बफर आणि तो रिकामा करणारा एक पार्श्वथ्रेड. बफर भरला तर संदेश सोडला जातो, पण किती सोडले ते मोजून वाचणाऱ्याला सांगितले जाते. ग्राहकाला उत्तर देणे हे मेमकॅश्डचे काम, त्यामुळे ओळ गमावणे हा तिथे योग्य व्यवहार आहे. प्रिंटकेचा रिंग बफर भरला की जुने संदेश पुसतो, कारण कर्नलमध्ये ताजी घटना अधिक मोलाची. सिस्टमडीचा जर्नल प्रत्येक सेवेला मर्यादा घालतो, मूळ मांडणीत ३० सेकंदांत १०,००० संदेशांची, आणि दाबलेल्या संदेशांची नोंद ठेवतो. पारंपरिक सिसलॉगने उलट निवड केली होती: शक्यतो काही गमवायचे नाही, थांबायचे. लेखापरीक्षणाच्या लॉगसाठी ती आजही बरोबर आहे. पैशाच्या व्यवहाराची नोंद होणार नसेल तर व्यवहारच थांबवणे योग्य.

आणखी पुढे गेलेली कल्पना म्हणजे मजकूर लगेच जुळवायचाच नाही. स्टॅनफर्डमधील नॅनोलॉग हा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रकल्प सी++मध्ये आहे, पण विचार सी भाषेलाही लागू पडतो. स्थिर मजकूर संकलनाच्या वेळीच बाजूला काढायचा, चालू प्रोग्रॅमने फक्त क्रमांक आणि बदलणारी मूल्ये थ्रेडच्या बफरमध्ये टाकायची, वाचनीय ओळ नंतर बनवायची. लेखकांनी सूक्ष्म चाचण्यांत एका कॉलला सुमारे आठ नॅनोसेकंद मोजले. कर्नलमधील ट्रेस-प्रिंटकेही शक्य तिथे याच धर्तीवर चालते. सापळा एकच, पण खोल: मूल्यांत पॉइंटर असेल आणि ओळ बनेपर्यंत त्याची मेमरी परत गेली असेल, तर लॉग मृत जागा वाचतो. अक्षरमालिका त्याच क्षणी नकलून घेणे अपरिहार्य आहे.

पार्श्वथ्रेडच्या सगळ्या रचनांचे एक दुबळे अंग आहे. प्रोग्रॅम अचानक मेला तर बफरमधल्या शेवटच्या ओळी जातात आणि नेमक्या त्याच हव्या असतात. बफर फाइलशी जोडलेल्या सामायिक मेमरीत ठेवला तर प्रक्रिया गेली तरी मजकूर उरतो. अतिगंभीर लेव्हलचे संदेश मात्र रांगेत न लावता थेट लिहावेत.

तपासून पाहण्याच्या जागा

थ्रेडसॅनिटायझर आणि व्हॅलग्रिंडमधील हेलग्रिंड ही साधने डेटा रेस पकडतात, पण थांबणे आणि गमावणे पकडत नाहीत. त्यासाठी चाचणी वेगळी लागते. अनेक थ्रेडांकडून क्रमांकित ओळी लिहून घ्याव्यात आणि प्रत्येक ओळ पूर्ण आहे का, प्रत्येक थ्रेडचे क्रमांक चढते आहेत का, गाळलेल्यांची बेरीज जुळते का ते पाहावे. लिनक्सचे डेव्ह-फुल हे उपकरण प्रत्येक लेखनाला ‘जागा नाही’ असे उत्तर देते, त्यावर लॉग लिहून पाहावा. पाइपच्या पलीकडची प्रक्रिया थांबवून ठेवावी, मग ती मारूनही पाहावी, कारण तुटलेल्या पाइपमध्ये लिहिताना येणारा सिग्नल सांभाळला नाही तर प्रोग्रॅम तिथेच मरतो. भरधाव लेखन चालू असताना फोर्क करून बालकाकडून एक ओळ लिहून घ्यावी.

नव्या प्रकल्पाने सुरुवात कुठून करावी? बहुतेक सेवांना स्टॅकवर तयार केलेली ओळ, अपेंड पद्धतीची फाइल, एकच राइट आणि जपलेला एररनो एवढे पुरते. या रचनेत बहुधा म्युटेक्सही लागत नाही. थ्रेडपुरते बफर आणि पार्श्वथ्रेड यांचा संसार मोजमापाने गरज दाखवल्यावरच थाटावा, कारण बंद होण्याचा क्रम, फोर्क आणि गळती हे तीन नवे प्रश्न तो सोबत घेऊन येतो. वाट कोणतीही असो, हेडर फाइलमध्ये फंक्शनच्या वर चार वाक्ये लिहिलेली असावीत: हे सिग्नल हँडलरमधून चालते का, फोर्कनंतर चालते का, थांबू शकते का, आणि भरल्यावर काय सोडते. ओपनएसएसएचमधली अट ज्याने काढली त्याच्या नजरेसमोर असे वाक्य असते, तर ती काढण्यापूर्वी निदान एक प्रश्न विचारला गेला असता.